उंचीपेक्षा कास बघा
गाय जितकी उंच, थोराड तितकी जास्त वेतं टिकते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. होल्स्टीन या दुधाळ विदेशी जातीत टिकण्याशी सर्वांत जवळचा संबंध कासेचा आहे. ती पुढून पोटाला घट्ट चिकटलेली, तिला मधून उचलून धरणारा बंध मजबूत आणि तळ मागच्या गुडघ्याच्या बराच वर हवा. वेतागणिक कास उतरतेच. पहिल्याच वेताला गुडघ्यापर्यंत आली असेल, तर पुढे सडांना चिखल, जखमा आणि कासदाहाचा (कासेला सूज येण्याचा) धोका वाढतो. मग पाय. सिमेंटच्या गोठ्यात फार सरळ मागचे पाय लवकर दुखावतात. बाजारात धार न काढता तुंबवलेली कास भुलवते, म्हणून धार काढून झाल्यावर रिकामी कास बघाच. आणि रेतनासाठी वळू निवडताना नुसतं दूध विचारू नका, त्याच्या मुलींच्या कासेची माहितीही मागा.