अनुभव धागा : कंपन्या एक झाल्या, कामाची रीत बदलली

परभणीची लेक
2024 मध्ये विमानक्षेत्रात दोन विलीनीकरणं झाली. 1 ऑक्टोबरला एआयएक्स कनेक्ट (आधीची एअरएशिया इंडिया) एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली, 12 नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात. तिकिटांचं काय होणार यावर भरपूर छापून आलं, केबिन क्रूबद्दल फारसं नाही. म्हणून हा धागा. बँक, कारखाना, कुठलंही विलीनीकरण अनुभवलं असेल तर लिहा.

मी एआयएक्स कनेक्टची केबिन क्रू, एअरबसच्या ए-320 विमानावर वाढलेली. तिथं दार आर्म करायचं, म्हणजे दार उघडताच सुटकेची घसरगुंडी फुगेल असं ठेवायचं, तर फक्त एक लिव्हर खाली. विलीनीकरणानंतर बोईंग 737 शिकावं लागलं. त्यात दाराशी वाकून घसरगुंडीचा गर्ट बार (तिच्या टोकाचा दांडा) हातानं जमिनीवरच्या ब्रॅकेटमध्ये अडकवायचा, आणि लाल पट्टी दाराच्या खिडकीवर आडवी लावायची. पट्टी दिसली की बाहेरच्याला कळतं, घसरगुंडी जोडलेली आहे. वर्गात हे तासाभरात समजतं. हाताला मात्र जुनीच सवय असते. निम्म्याच दारांतून 90 सेकंदांत सगळे बाहेर निघाले पाहिजेत, या अटीवर विमानाला मंजुरी मिळते. तेवढ्या वेळात आठवत बसायला सवड कुठली? मला युनिफॉर्म बदलल्याचं काहीच वाटलं नाही, या दाराची मात्र रात्र रात्र काळजी वाटायची.

निवृत्त पर्सर, संभाजीनगर
बेटा, आमचं 2007 चं. मी इंडियन एअरलाइन्सचा पर्सर, म्हणजे केबिन क्रूचा प्रमुख. कागदावर एअर इंडियाशी एक झालो, पण आमच्या फ्लाइट नंबरांपुढचा जुना आयसी कोड 2011 पर्यंत चालू होता. एवढी वर्षं 'तुम्ही तिकडचे का इकडचे' हाच प्रश्न. माझ्या मते रीत बदलायची तर एकदाच बदलावी, अर्धवट ठेवली की माणसं दोन्हीकडची राहतात.

गोदाकाठ, नांदेड
मी हैद्राबाद बँकेतला. 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेलो. आयएफएससी एसबीएचवायचा एसबीआयएन झाला, पासबुकं बदलली. आमच्याकडं निजामाच्या काळापासून या बँकेत खाती असलेली घरं आहेत. मुदखेडकडचे एक आजोबा काउंटरवर म्हणले, "साहेब, बँक गेली, पैसे हायत ना?" त्यांना खुर्ची दिली, शिल्लक वाचून दाखवली, नवं पासबुक हातात दिलं. पुढं कितीतरी दिवस हेच माझं खरं काम होतं. सिस्टीम शिकायला त्यामानानं काहीच लागलं नाही.

लातूरची, सध्या ट्रेनिंगमध्ये
ताई, माझीही 737 ची तयारी चालू आहे. जुनी सवय कशी मोडली?

परभणीची लेक
मोडली नाही गं, तिच्यापुढं एक पायरी लावली. टेक-ऑफ आणि लँडिंगला जंप सीटवर (क्रूच्या घडीच्या खुर्चीवर) बसल्यावर आपण मनातल्या मनात उजळणी करतो ना : माझं दार कुठलं, हँडल कुणीकडं फिरतं, बाहेर आग दिसली तर काय, प्रवाशांना ओरडून द्यायची कमांड कुठली. मी त्याआधी 'आज विमान कुठलं' हे स्वतःला विचारते आणि उत्तर ओठांत म्हणते. एकाच आठवड्यात दोन्ही विमानं असली तर ब्रीफिंगला निघतानाच सुरू करते. शिवाय प्रशिक्षकांना सांगून मॉकअपच्या (सरावाच्या नकली विमानाच्या) दारावर जादा वेळ माग, लाजू नको. दार आर्म करताना आणि परत डिसआर्म करताना, दोन्ही वेळा तोंडानं मोठ्यानं म्हण.