तुमच्या गावात मदतीचा पत्ता कुणी दिला?

सातारकर_सून
आज राजवाड्यापाशी एक बाई रिक्षात व्हीलचेअर कोंबत होत्या. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाचे दिवस आठवले. डिस्चार्ज दिला, पण घरी फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वरखाली होणारी दवाखान्यातली खाट) लागेल हे कुणी सांगेना. औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, "वहिनी, विकत कशाला घेताय? रुग्णसाहित्य केंद्रात जा, डॉक्टरांची चिठ्ठी न्या." अनामत भरली, भाडं नाममात्र, संध्याकाळी टेम्पोतून बेड घरी. कमोड खुर्चीपण तिथलीच. वस्तू परत केल्या की अनामत परत. इतकी मोठी सोय गावात, आणि कुठे पाटी नाही की काही नाही! तुम्हाला असं कुणी सांगितलं? लिहा, कुणाच्या तरी कामी येईल.

निशिगंध
बेडबरोबर एअर मॅट्रेसपण मागायची. तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. बाबांच्या माकडहाडापाशी नुसती लाली होती, बघता बघता जखम झाली.

माणदेशी
आमच्याकडे भावाची दारू. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला तेव्हा वहिनी तिथल्या सहचरी गटात, म्हणजे व्यसनींच्या बायकांच्या गटात, बसायला लागली. आधी नुसती रडायची. मग म्हणाली, इथे मला कुणी "तूच सांभाळून घे" म्हणत नाही. घरी आल्यावर पुढे काय? तर इथे शाळेच्या वर्गात एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग भरते, हे चहावाल्याकडून कळलं. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. भाऊ पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसतो, पण जातो.

सातारकर_सून
@माणदेशी वहिनींना नमस्कार सांगा. साताऱ्यात परिवर्तनपण आहे याच कामासाठी.

गोडोलीची_ताई
दिव्यांग दाखल्यासाठी सिव्हिलला जाताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार आधी विचारा!! लेकाला कडेवर घेऊन गेलो नि तसेच परत. नंतर आशाताईंनी वार सांगितला, यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्जही त्यांनीच भरून घेतला. वाडीतलं सगळं त्यांना ठाऊक.

पर्थवासी
आईबाबा फलटणला एकटे. त्यांना १४५६७ लिहून दिलाय, ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर, सकाळी ८ ते रात्री ८. पण खरा आधार ज्येष्ठ नागरिक संघाचा. बाबा कट्ट्यावर दिसले नाहीत की कुणीतरी घरी डोकावतंच. इतक्या लांबून मला तेवढाच धीर.

निशिगंध
अय्या, फलटण माझं माहेर! डबा देणाऱ्या काकू आहेत ओळखीच्या, कमी तिखट करतात. कळवते.

पर्थवासी
देव पावला.

अबोली७
आजाऱ्याचं करणाऱ्याचंही डोकं थकतं हो. मी रात्री १४४१६ ला फोन केला होता. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलतात. मधे न तोडता ऐकून घेतलं. नंतर झोप लागली.

कोयनाकाठ
कराडला रात्रीसाठी मावशी मिळतील का? आईला आजच घरी आणलंय, पॅरालिसिस.

गोडोलीची_ताई
@कोयनाकाठ दवाखान्यातल्या आयांना विचारा, त्यांच्या ओळखीत असतात. आधारची झेरॉक्स घ्या, आणि पहिल्या रात्री तुम्हीपण जागं राहा, आईंना कसं उचलायचं ते दाखवायला.