मदत हवी आहे : रात्री समुद्रात पडलेल्या खलाशाला शोधण्यासाठी कोणते बीकन घ्यावे?

नमस्कार.

आमची एक ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. तांडेलासह (बोटीचा प्रमुख) आठ माणसे बोटीवर असतात आणि एक फेरी आठ-दहा दिवसांची होते. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर राहील असे बीकन, म्हणजे संकटात आपले ठिकाण कळवणारे छोटे यंत्र, घ्यायचे आम्ही ठरवले आहे. कोणत्या जातीचे घ्यावे, याविषयी मात्र घरात दोन मते आहेत.

कारण सांगतो. गेल्या जानेवारीत पहाटे तीनच्या सुमारास आमचा एक खलाशी मागच्या कठड्याशी लघवीला उभा असताना तोल जाऊन पाण्यात पडला. जाळे ओढत बोट तीन नॉटने, म्हणजे तासाला तीन सागरी मैल, चालली होती आणि इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कोणालाही ऐकू गेली नाही. जाळे उचलायची वेळ झाली, दोराला एक माणूस कमी पडला, तेव्हा कुठे तो बोटीवर नाही हे लक्षात आले. जीपीएसवरची आपलीच रेघ धरून तांडेल मागे फिरला, पण तोपर्यंत तासभर उलटून गेला होता. उजाडल्यावर तो दुसऱ्या एका बोटीला सापडला. कोणाच्या तरी जाळ्याच्या बोयाला त्याने मिठी मारली होती आणि छातीवर बोयाच्या दोरीचे वळ उठले होते.

आतापर्यंत वाचून व विचारून जे समजले आहे ते असे. इस्रोचे डॅट किंवा २०२४ साली पालघरच्या कार्यक्रमातून ज्यांच्या वाटपाला आरंभ झाला ते ट्रान्सपाँडर ही उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी बोटीची साधने आहेत. पाण्यात पडलेल्या माणसापाशी त्यांतले काहीही नसते. माणसाच्या अंगावर राहणाऱ्या साधनांत मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. ही ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश देते, तो संदेश इस्रोच्या बेंगळुरू येथील केंद्रातून तटरक्षक दलाच्या मुंबईतील शोध व बचाव केंद्राकडे जातो आणि मदतीला आलेले जहाज किंवा हेलिकॉप्टर जवळ पोहोचल्यावर १२१.५ मेगाहर्ट्झच्या खुणेवरून माणसाचा माग काढते. बॅटरी किमान चोवीस तास टिकते. अडचण एवढीच की बहुतेक पीएलबी हाताने सुरू करावी लागते आणि तिची अँटेना पाण्याबाहेर, आकाशाकडे धरून ठेवावी लागते. लाटांत गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला हे कितपत जमेल, याची मला शंका आहे.

दुसरी जात एआयएसवर, म्हणजे बोटी एकमेकींना रेडिओवरून आपले ठिकाण कळवतात त्या यंत्रणेवर, चालणाऱ्या बीकनची. हे लाइफ जॅकेटमध्ये बसवता येते, जॅकेट फुगले की आपोआप सुरू होते आणि ९७२ने सुरू होणाऱ्या क्रमांकासह आपले ठिकाण आसपासच्या सर्व बोटींना कळवत राहते. पाण्याच्या पातळीवरून पल्ला तीन-चार सागरी मैलांचाच मिळतो. परंतु तीन नॉटने चालणारी बोट तासाभरात तेवढीच दूर जाते, हे लक्षात घेतले तर आमच्यासारख्यांना तो पुरेसा व्हावा. माझा कल याच जातीकडे आहे, कारण पडलेल्या माणसाच्या सर्वांत जवळ त्याचीच बोट असते. मात्र आमच्या बोटीवरच्या एआयएसच्या डब्याला पडदाच नाही, आणि प्लॉटर (समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा) इतका जुना आहे की ९७२चा क्रमांक त्यावर साध्या बोटीच्या त्रिकोणासारखा दिसेल आणि भोंगा वाजणार नाही. पहाटे तीन वाजता झोप अनावर झालेल्या तांडेलाला त्रिकोण दिसून काय उपयोग?

वडिलांचे मत पीएलबीच्या बाजूने आहे आणि त्यातही तथ्य आहे. युरोपातील खलाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सगळा भर पहिल्या काही मिनिटांवर असतो, कारण तिथे थंड पाणीच माणसाला मारते. आपल्याकडे हिवाळ्यातही समुद्र पंचवीस अंशांच्या वर असतो. तरंगण्याची सोय असेल तर माणूस रात्रभर तग धरू शकतो, हे आम्ही पाहिलेच आहे. त्यामुळे मदत काही तास उशिरा आली तरी ती वाया जात नाही. मर्चंट नेव्हीतला माझा मामेभाऊ सिंगापूरहून पीएलबी आणून द्यायला तयार आहे; पण प्रत्येक बीकनमध्ये देशाचा आकडा भरलेला असतो, भारताचा ४१९ आहे, आणि तिथल्या आकड्याचे बीकन रत्नागिरीसमोर वाजले तर मालकाची नोंद तिथल्या दप्तरात शोधली जाईल.

राहिला प्रश्न अंगावर घालण्याचा. खलाशी फोमचे जॅकेट घालून काम करत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. जाळे ओढताना ते अडकते आणि उकाडाही असह्य होतो. फुगणारे, पट्ट्यांचे जॅकेट ते घालतील असे वाटते, परंतु विरघळणाऱ्या गोळीवर चालणारे जॅकेट डेकवर उडणाऱ्या पाण्यानेच फुगेल अशी भीती आहे. म्हणून पाण्याच्या दाबावर फुगणारे घ्यावे, असा विचार आहे.

तेव्हा जाणकारांना माझी पुढील विनंती आहे. आठही जणांना एआयएस बीकन देऊन भोंगा वाजवणारा नवा प्लॉटर बसवावा आणि पीएलबी केवळ तांडेलाकडे ठेवावी, की दोन्ही संदेश एकत्र देणारे महाग बीकन निम्म्याच, म्हणजे रात्रपाळीच्या माणसांसाठी घ्यावे? एका बीकनची किंमत परदेशात तीनशे डॉलरच्या आसपास पडते, त्यामुळे आठांचा हिशेब आमच्यासाठी लहान नाही. ज्यांनी मासेमारी बोटीवर ही साधने हंगामभर वापरली आहेत त्यांनी, खारे पाणी आणि माशांची घाण सोसून ती किती टिकली आणि खोटे इशारे किती वेळा वाजले, हे कृपया लिहावे. ४१९ आकड्याची पीएलबी भारतातच खरेदी करून बेंगळुरूला नोंदवून घेतलेले कोणी असल्यास त्यांनी कोणकोणती कागदपत्रे लागली, तेही सांगावे. बोट १ ऑगस्टला बाहेर पडेल.