टेस्ला कॉइल: छोटे कपॅसिटर किती आणि कसे जोडावेत?

ठिणगीवाला: निऑन साइनचा ९००० व्होल्ट, ३० मिलिअँपचा ट्रान्सफॉर्मर आहे (५० हर्ट्झ), स्पार्क गॅप (ठिणगी उडते ती फट) स्थिर. टेस्ला कॉइल (उच्च व्होल्टेजच्या ठिणग्या काढणारी कॉइल) बनवतोय. ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्ट डीसीचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर मिळतायत. सिरीजमध्ये (एकापुढे एक) किती लावू? पॉलिएस्टरचे घरात पडलेत, ते चालतील का?

जुनी वायर: पॉलिएस्टर विसरा, टेस्ला कॉइलच्या उच्च फ्रिक्वेन्सीला तापून मरतात. ९००० हा आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आकडा. शिखर साधारण १२,७०० व्होल्ट. सात लावले तर कागदावर जमतं, पण मी तसं कधीच करणार नाही, कॉइल चालू झाली की व्होल्टेज उसळतंच. दहा लावा. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, कपॅसिटन्स दहाने भागला जातो: २० किलोव्होल्ट, १५ नॅनोफॅरड. तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा रेझोनन्स (कपॅसिटरशी सूर जुळून व्होल्टेज बेफाम वाढतं ती स्थिती) १०.६ नॅनोफॅरडला येतो, त्याच्या दीडपटीच्या आसपास राहिलेलं बरं. डेटाशीटमधला डीव्ही/डीटी (व्होल्टेज किती वेगाने बदललेलं कपॅसिटरला सोसतं तो आकडा) मात्र बघाच, नुसत्या व्होल्टेजवर भाळू नका.

ठिणगीवाला: दहाच घेतो मग. ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटरमधला उरलेला चार्ज उतरवणारे) लागतातच का?

जुनी वायर: हा काय प्रश्न झाला! प्रत्येक कपॅसिटरवर १० मेगओहम, आणि तेही उच्च व्होल्टेजचे. साधा पाव वॅटचा एकटा टिकणार नाही.

गुंडाळी: आणि हात लावण्याआधी प्लग काढून कपॅसिटरची टोकं शॉर्ट करा, ब्लीडर असले तरी.