मदत हवी आहे: पी-0420 कोड (म्हणजे कॅटकॉन, धूर साफ करणारा डबा, नीट काम करत नाही) येतोय, चढाला गाडी दमते. कॅटकॉन बदलावाच लागेल का?

गाडी 1200 सीसीची पेट्रोल हॅचबॅक, 2018 ची, बीएस-4, रनिंग 92,000 किमी. 55,000 ला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलंय. चेक इंजिन लाईट लागते. स्कॅनरवर पी-0420 कायम आणि पी-0303 (तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे इंधन नीट न पेटणं) अधूनमधून, तोही सीएनजीवर चढ चढताना. साठच्या पुढे पिकअप नाही. पेट्रोलवर पीयूसी केली तर आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साईड) 0.62 टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) 310 पीपीएम, म्हणजे नापास. गॅरेजवाले म्हणतात, नवा कॅटकॉन टाका, नाहीतर आतली जाळी फोडून पोकळ करून देतो. खर्च करण्याआधी खात्री कशी करायची?

पाना-पकड
जाळी अजिबात फोडू नका. बीएस-4 पेट्रोल गाडीला आयडलला सीओ 0.3 टक्के आणि एचसी 200 पीपीएम ही मर्यादा आहे. पोकळ डब्यावर ती गाठणं कठीण. कॅटकॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पी-0420 देतच राहील. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड शेजारच्या रिक्षात बसलेल्या लेकरांच्या नाकात जाणार, हेही लक्षात घ्या.

पी-0420 म्हणजे कॅटकॉन मेलाच असं नाही. इंजिन पूर्ण गरम करा, पेट्रोलवर ठेवा, 2500 आरपीएम धरा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज बघा. पुढचा 0.1 ते 0.9 मध्ये भराभर खालीवर व्हायला हवा, मागचा 0.6-0.7 च्या आसपास शांत. मागचाही पुढच्याच तालावर नाचत असेल तर जाळी ऑक्सिजन साठवत नाहीये. (पुढे वाइडबँड, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण थेट मोजणारा, सेन्सर असेल तर तो असा नाचत नाही, मग ही तुलना लागू नाही.) त्याआधी मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचं) पॅकिंग फुटलंय का बघा. थंड इंजिन चालू करून जोडाजवळ कान द्या, टिक-टिक ऐकू येते. तिथून हवा आत ओढली गेली तर सेन्सर खोटं बोलतो आणि चांगला कॅटकॉन भंगारात जातो.

धुराडं
चढाला दमते याचा अर्थ जाळी तुंबली असावी. पुढचा सेन्सर काढा आणि त्याच भोकात बॅक-प्रेशर गेज (अडलेल्या धुराचा दाब मोजणारं) लावा. आयडलला दीड पीएसआयच्या आत, 2500 ला तीनच्या आत यायला हवं. सेन्सर काढताना इंजिन कोमट असू द्या. अगदी थंड असेल तर आटे ओढून निघतात. भोकातून टॉर्च मारा. चांगली जाळी सुबक चौकोनी भोकांची दिसते. वितळलेली काचेसारखी चकचकीत, भोकं बुजलेली. गाडी पूर्ण थंड झाल्यावर डब्याला रबरी हातोडीने हलकं ठोका. आत खुळखुळलं तर जाळी फुटलीय. मात्र बाहेरचं हीट शील्ड सैल असलं तरी तसाच आवाज येतो, ते हाताने दाबून धरा.

धागाकर्ता
मोजलं. आयडलला 2, 2500 ला साडेसात पीएसआय. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच हलतोय. टॉर्चने कडेला चकचकीत गोळा दिसतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब): 1, 2, 4 नंबर साडेबारा किलो, 3 नंबर साडेनऊ. नवा मागवू?

पाना-पकड
कॅटकॉन गेलाय, पण आत्ता बसवू नका. मारेकरी तिसऱ्या सिलिंडरमध्ये बसलाय. मिसिंग झालं की न जळलेलं इंधन जाळीत जाऊन पेटतं, तापमान हजार अंशांच्या वर जातं आणि जाळी वितळते. नवा टाकला तर तोही असाच जाईल. चेक लाईट लुकलुकायला लागली की ॲक्सिलरेटर सोडायचा, तो हाच इशारा असतो.

सीएनजीवाला
सीएनजीवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जास्त झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट संपते आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तीन किलोचा फरक बहुधा त्याचाच. चार सिलिंडरांत एका किलोच्या आत फरक हवा. दोन चमचे इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर पिस्टनची रिंग, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. रिंग निघाली तर ऑइल जळतंय. त्यातलं फॉस्फरस जाळीवर थर धरतं, तेही थांबवावं लागेल. टॅपेट थंड इंजिनवर, तुमच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानेच लावा. बकेट (वाटीसारख्या) प्रकारचे असतील तर योग्य जाडीचे मागवावे लागतात, स्क्रू फिरवून काम होत नाही. फट लावूनही कॉम्प्रेशन आलं नाही तर हेड उतरवून सीट घासावी लागेल.

नवे प्लग टाका, गॅप 0.8 मिमीच्या आसपास. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, मोठ्या गॅपवर लोडला मिसिंग होतं. तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) एक नंबरवर लावून बघा, कोड पी-0301 झाला तर कॉइलही गेली. शेवटी किटचं ट्यूनिंग: पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर इंधनात करतो ती कमी-जास्त) दहा टक्क्यांच्या आत हवा.

धुराडं
हे जमल्यावर कॅटकॉन. दोन्ही पॅकिंग नवी, नटबोल्ट नवे. सेन्सरच्या जवळ सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो. मागचा सेन्सर नीट चालत असेल तर बदलण्याची गरज नाही. कोड पुसा, वीस मिनिटं गाडी पळवा आणि गरम असतानाच पीयूसी करा. जाळी अडीचशे-तीनशे अंशांखाली काम सुरूच करत नाही.

जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्याला भाव मिळतो. बिलातून वळता करून घ्या.