नवव्या स्थानापाशी

‘ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मटण-मासळी सोडली म्हणून धैर्य कसं येणार?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. नुसतं सोडून येत नाहीच. मला ते क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत मिळालं. आमच्या वसईत या काळातल्या शुक्रवारी ही भक्ती असते. येशू क्रूस घेऊन मरणाकडे चालला, त्या वाटेवरचे प्रसंग 14 स्थानांपाशी थांबून आठवायचे. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर येशू पडतो. तीन वेळा! लहानपणी मी हे नुसतं म्हणून जायचे. आईची केमोथेरपी चालू होती त्या वर्षी नवव्या स्थानापाशी गुडघे टेकले आणि उठवेना. तेव्हा उमगलं, पडलं म्हणजे विश्वास संपला असं नाही. आणि पाचव्या स्थानावर कुरेनेकर शिमोन, म्हणजे कुरेने गावचा एक वाटसरू, क्रूस उचलायला येतो. प्रभूलाही दुसऱ्याचा खांदा लागला. घरी येऊन भावाला फोन केला, “मला एकटीला झेपत नाही, ये.” तोवर हे बोलायचीच भीती वाटत होती.

अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूही आधी व्याकूळ होतो, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून पित्याला विनवतो, मगच उठून पुढे जातो. जमलं तर येत्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला जाऊन या, भीती तशीच सोबत घेऊन.