इलेक्ट्रिकल टीमसाठी ग्लोव्हज, कपडे, शूज नेमके काय बघून घ्यायचे? कॅटलॉग वाचून डोकं गरगरतंय

पॅनेलरूमवाली
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत मी डिझाईनला होते, आता मेंटेनन्सला आलेय आणि आल्या आल्या टीमसाठी सेफ्टीचं सामान ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. माझ्यासकट सात जण. काम मुख्य म्हणजे एलटी (लो टेन्शन, म्हणजे कमी व्होल्टेजचे) पॅनेल, मोटर फीडर, ब्रेकर रॅक-इन रॅक-आउट (म्हणजे ब्रेकर पॅनेलमधे सरकवणं आणि बाहेर ओढणं), आणि वर्षातून दोन-तीनदा ११ केव्हीच्या रूममधे स्विचिंग. सप्लायरने जाडजूड कॅटलॉग पाठवलाय त्यात क्लास शून्य, क्लास दोन, कॅलरी, एफआर, एआर असं काय काय आहे. आत्ता आमच्याकडे आहे ते म्हणजे कपाटात जाड काळे रबरी हातमोजे ज्यांच्यावर काहीच छापलेलं नाही, आणि सगळ्यांच्या अंगावर पॉलिएस्टर मिक्सचा युनिफॉर्म. सप्लायर म्हणतो सगळ्यांना ४० कॅलरीचा सूट घ्या, टेन्शनच नको. खरंच तसं करावं का? आणि माझा हात लहान आहे, मोठ्या ग्लोव्हजमधे स्क्रू पण धरता येत नाही, त्याचं काय करायचं?

फेजन्यूट्रल
ताई, कॅटलॉग आधी बंद करा. तुमच्या लोकांना धोका दोन प्रकारचा आहे आणि दोन्हीचं सामान वेगळं, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. एक म्हणजे शॉक, करंट अंगातून जाणं, त्याला रबरी ग्लोव्हज, मॅट, इन्सुलेटेड टूल्स. दुसरा आर्क फ्लॅश, म्हणजे हात कुठेही न लागता समोर स्फोट झाल्यासारखा जाळ येतो, त्यात करंट अंगातून गेलेला नसतो तरी माणूस भाजतो. त्याला कपडे, फेसशील्ड, हूड. रबरी ग्लोव्हज घालून पॉलिएस्टरच्या शर्टात पॅनेल उघडणारा माणूस अर्धाच झाकलेला आहे.

ग्लोव्हजचं सोपंय. एलटीला क्लास ०, त्याच्यावर लाल लेबल असतं, वापरायची मर्यादा १००० व्होल्ट एसी आणि टेस्ट ५००० ला झालेली असते. ११ केव्हीला क्लास २, पिवळं लेबल, मर्यादा १७००० व्होल्ट, टेस्ट २०००० ला. क्लास १ घेऊ नका, तो ७५०० पर्यंतच आहे, "थोडंसंच जास्त आहे, चालून जाईल" असलं इथे नसतं. आणि टेस्टचा आकडा म्हणजे वापरायचा आकडा नव्हे, सप्लायर मोठा आकडा दाखवून विकतात म्हणून सांगतोय. क्लास २ घालून एलटीचं बारीक काम करायला जाऊ नका, इतका जाड असतो की बोटांना काही कळत नाही, मग माणूस वैतागून काढूनच ठेवतो. तुमच्याकडचे काळे बिनछापाचे टाकून द्या. छाप नाही म्हणजे क्लास माहीत नाही, टेस्ट कधी झाली ते माहीत नाही, ते भांडी घासायचे ग्लोव्हज असले तरी कळायचं नाही.

रबरी ग्लोव्हवर चामड्याचा ग्लोव्ह हवाच, तो फक्त रबराला चीर पडू नये म्हणून. नुसता चामड्याचा घालून लाईव्हला हात लावला तर शॉकपासून काही वाचवत नाही. आणि चामड्याची कड रबराच्या कडेपेक्षा आखूड पाहिजे, नाहीतर करंट चामड्यावरून सरकत थेट मनगटापर्यंत येतो. क्लास ० ला साधारण अर्धा इंच अंतर, क्लास २ ला दोन इंच.

जुनावायरमन
बावीस वर्षं झाली हातात टेस्टर आणि पायात चप्पल, अजून जिवंत आहे. ग्लोव्हज घातले की स्क्रू पडतो बसबारवर (पॅनेलमधल्या करंट वाहणाऱ्या उघड्या पट्टीवर), तो अपघात वेगळाच. आजकाल सगळं कागदावर सेफ्टी 🙂

फेजन्यूट्रल
काका, स्क्रू पडतो हे एकदम खरं आहे, त्याला उत्तर बरोबर मापाचा ग्लोव्ह, उघडा हात नव्हे. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे गेलं की पकड सोडवत नाही, हात चिकटतो म्हणतात तो हाच प्रकार, आणि तुमचा टेस्टर नुसता लुकलुकतो, लाईन मेली की नाही ते छातीठोक सांगत नाही. बॅकफीड आला (दुसऱ्या बाजूने सप्लाय उलटा आला), शेजारच्या केबलने व्होल्टेज इंड्यूस झालं की टेस्टर काहीही दाखवतो. आधी चालू सप्लायवर मीटर तपासा, मग काम करायच्या जागी, मग परत चालू सप्लायवर. लॉक लावा, टॅग लावा. मुळात सप्लाय बंद करून काम होत असेल तर बंदच करा, ग्लोव्हज ही शेवटची गोष्ट आहे. फक्त एक आहे, बंद आहे हे सिद्ध होईपर्यंत लाईन लाईव्ह धरायची असते, त्यामुळे ती टेस्ट करताना अंगावर पूर्ण सामान लागतंच, आणि लोक नेमके तिथेच म्हणतात "फक्त चेक करतोय".

आर्कवाला
कपड्यांवर मी लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे. ४० कॅलरी सगळ्यांना हे सप्लायरला सोयीचं आहे, तुम्हाला नाही. तो सूट जड, आत घामाची आंघोळ, हूडमधून दिसतं कमी, आणि चुका वाढतात. आकडा तुमच्या पॅनेलवरून ठरतो. कपड्यावर जे कॅल प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलेलं असतं ते म्हणजे किती उष्णता कपडा अडवेल. उघड्या त्वचेवर १.२ पडली की दुसऱ्या डिग्रीचं भाजणं सुरू होतं, त्यावरून अंदाज घ्या. अमेरिकेच्या एनएफपीए ७०ई या इलेक्ट्रिकल सेफ्टीच्या स्टँडर्डमधे कपड्याच्या चार कॅटेगरी आहेत, किमान ४, ८, २५ आणि ४०. रोजच्या एलटी कामाला बऱ्याच जागी ८ वाला शर्ट-पँट पुरतो, पण सगळीकडे नाही, म्हणून पॅनेलचा आर्क फ्लॅश स्टडी करून घ्या, म्हणजे कुठल्या पॅनेलला किती उष्णता निघू शकते त्याचा हिशोब.

आता इथे लोक फसतात. व्होल्टेज जास्त म्हणजे आर्क मोठा असं नसतं. किती करंट वाहतोय आणि ब्रेकर किती वेळात तोडतोय यावर सगळं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लगेच पुढचा एलटी मेन इन्कमर (सप्लाय आत घेणारा मुख्य ब्रेकर), वर सावकाश ट्रिप होणारं प्रोटेक्शन, तिथे ११ केव्हीच्या पॅनेलपेक्षा जास्त उष्णता निघू शकते. आणि रिले सेटिंग बदलून तोडायचा वेळ कमी केला तर कपडा हलका चालतो, म्हणजे कपडे घेण्याआधी प्रोटेक्शनवाल्याला, म्हणजे ही सेटिंग बघणाऱ्याला भेटा. ब्रेकर रॅकिंगला तर लांबून करायचं रिमोट रॅकिंग मिळालं तर सगळ्यात भारी, कारण लांब उभं राहिलं की उष्णता झपाट्याने कमी होते.

एफआर आणि एआर एकच समजू नका. एफआर (फ्लेम रेझिस्टंट) म्हणजे कपडा स्वतः पेट धरत नाही. एआर (आर्क रेटेड) म्हणजे तो आर्कसमोर धरून मोजलाय आणि आकडा दिलाय. लेबलवर आकडा नसेल तर आमच्यासाठी तो कपडा नाहीच. तुमचा पॉलिएस्टर मिक्स आजच बंद करा, आर्कमधे तो वितळून कातडीला चिकटतो. आतला बनियनसुद्धा सुती हवा. एआर शर्टवर साधं चकाकणारं पॉलिएस्टरचं जॅकेट चढवायची फॅशन आहे, म्हणजे केलेल्या सगळ्यावर पाणी. दोन ८ चे शर्ट एकावर एक घातले म्हणजे १६ झाले असंही नाही, तो जोड एकत्र टेस्ट झालेला असावा लागतो.

धुताना ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही. ग्रीस लागलेला शर्ट म्हणजे वात झालीये समजा. बाह्या खाली, गळ्याचं बटण लावलेलं. हे सांगूनही उन्हाळ्यात सगळे बाह्या वर करतात, मी पण करायचो.

फेसशील्ड साधं पारदर्शक नको, त्याच्यावरही कॅलचा आकडा लागतो, खाली सेफ्टी गॉगल आणि कानात प्लग. आणि कितीही कॅलचा सूट असू दे, तो उष्णतेचं माप आहे, स्फोटाचा धक्का आणि उडणारे तुकडे त्यात धरलेले नाहीत.

सोल_घासलेला
शूजचं मी टाकतो. अँटिस्टॅटिक लिहिलेले घेऊ नका, ते मुद्दाम अंगातला चार्ज जमिनीत सोडतात, आपल्याला नेमकं उलटं हवंय. ईएच (इलेक्ट्रिकल हॅझर्ड) खूण असलेले बघा, १८००० व्होल्टला एक मिनिट टेस्ट असते आणि लीकेज १ मिलिअँपिअरच्या आत. पण ते कोरड्या जागेत आणि सोल शाबूत असेपर्यंतच, ओले झाले की विसरा. हेल्मेट बिनभोकाचं घ्या, क्लास ई (इलेक्ट्रिकल कामाचा), हवेशीर भोकांचं इथे नको. अंगठी, चेन, धातूचं घड्याळ काढून ठेवा. टूल्सवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट बघा, टेप गुंडाळलेली पक्कड म्हणजे इन्सुलेटेड नाही हो.

टेस्टलॅब
आमच्याकडे ग्लोव्हज टेस्टला येतात म्हणून बोलतोय, नवीन घेऊन विसरू नका. वापरात असलेले दर ६ महिन्यांनी टेस्ट करतात, तारीख छापलेली असते. आमच्याकडे फेल होणारे बहुतेक ग्लोव्हज जळलेले नसतात, दुमडून ठेवलेले असतात, घडीवर रबर तडकतं. ऊन, तेल, ओझोन हे रबराचे शत्रू, त्यामुळे मोटरच्या शेजारच्या शेल्फवर ठेवू नका, पिशवीत बोटं वर करून सरळ लटकवा. रोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत यायचं, आत हवा अडकते, दाबायचं, गालाशी धरायचं, फुसफुस लागली की बाद. पंक्चरचं ठिगळ लावायचं नाही.

मापाचं, ताई, तळहाताभोवती टेप लावा, इंचात जे येईल तोच साधारण नंबर, आत सुती अस्तर घालणार असाल तर थोडी जागा धरा. लहान नंबर वेगळे मागवावे लागतात, कॅटलॉगमधे नसतील तरी विचारा, आणि सातही जणांची मापं घ्या, एकच नंबर सगळ्यांना देऊ नका.

पॅनेलरूमवाली
सगळ्यांचे आभार. स्टडीसाठी प्रोटेक्शनवाल्यांना मेल टाकला, युनिफॉर्मचं उद्या बोलते. तुमचं वाचून कपाट उघडलं. ग्लोव्हज चौघडी करून स्पॅनरखाली दाबून ठेवले होते, गुंडाळून गालाशी धरले तर अंगठ्याच्या बुडातून चांगली वाऱ्याची झुळूक आली. गेल्या महिन्यात हेच ग्लोव्हज घालून रॅकिंग केलंय असं रजिस्टर म्हणतंय.